इंडक्शन मोटर ड्राइव्हवर चालवायची आणि तिच्याकडूनच वीज पण काढायची: सगळं पायरी-पायरीने

इंडक्शन मोटर कंट्रोल करायची म्हटलं की लोक थेट ड्राइव्हचं (मोटरला हवी ती फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज बनवून देणारा डबा) मॅन्युअल उघडतात, पॅरामीटरच्या जंगलात शिरतात आणि मग कुठला आकडा कशासाठी टाकतोय हेच कळेनासं होतं. खरं तर या मशीनमध्ये आपल्या हातात दोनच गोष्टी असतात, आतला फ्लक्स (चुंबकीय क्षेत्र) किती ठेवायचा आणि स्लिप (फिरत्या क्षेत्राच्या आणि रोटरच्या स्पीडमधला फरक) किती आणि कुठल्या बाजूला द्यायची. व्ही बाय एफ आणि वेक्टर (कंट्रोलच्या दोन पद्धती), ब्रेकिंग, जनरेटर, सगळं या दोघांभोवतीच फिरतं. फक्त प्रत्येक पायरीला स्वतःला एक प्रश्न विचारायचा, की आत्ता ऊर्जा कुठून कुठे चाललीय. हा प्रश्न न विचारल्यामुळेच निम्मे ड्राइव्ह ट्रिप होतात असं माझं मत आहे.

शेवटपर्यंत एकच मोटर धरून चालू म्हणजे आकडे डोक्यात बसतील: ७.५ किलोवॅट, ४ पोल, ४१५ व्होल्ट डेल्टा, ५० हर्ट्झ, १४.५ अँपिअर, १४४० आरपीएम. सिंक्रोनस स्पीड (स्टेटरचं, म्हणजे स्थिर भागाचं, क्षेत्र ज्या स्पीडने फिरतं तो) काढायचा तर १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, म्हणजे १५००. रोटर (फिरणारा भाग) फुल लोडला १४४० ने फिरतो, म्हणजे ६० आरपीएम मागे, म्हणजे ४ टक्के स्लिप, म्हणजे रोटरच्या आत फक्त २ हर्ट्झचा करंट. हा २ हर्ट्झचा आकडा लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. आणि हीच मोटर कोणी बाहेरून साधारण १५६० ने फिरवली तर स्लिप तेवढीच पण उलटी होते आणि मशीन जनरेटर बनतं. आत काहीही बदलावं लागत नाही, वाइंडिंग तेच, रोटर तोच.

हात लावायच्या आधी

ड्राइव्हच्या आत मोठे कपॅसिटर असतात आणि मेन बंद केल्यावरही त्यांच्यात साडेपाचशे-सहाशे व्होल्ट डीसी राहतं. डिस्प्ले विझला म्हणजे रिकामे झाले असं अजिबात नाही. झाकणावर जेवढी मिनिटं लिहिली असतील (बहुतेक ५ ते १५) तेवढं थांबा आणि त्यानंतरही डीसी प्लस आणि डीसी मायनसवर मीटर लावून बघा, ५० व्होल्टच्या खाली आलं की मगच स्क्रू ड्रायव्हर. मीटर आधी चालू सप्लायवर तपासून घ्या, कारण सेल गेलेला मीटर शून्य दाखवतो आणि आपण विश्वास ठेवतो.

मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) करायचा असेल तर मोटरच्या केबली ड्राइव्हमधून सोडवूनच. ५०० व्होल्टचा मेगर ड्राइव्हच्या आउटपुटवर मारला तर आतले आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) गेलेच म्हणून समजा.

प्लेट नीट वाचा, पट्ट्या नीट बघा

टर्मिनल बॉक्स उघडा. सहा बोल्ट आणि तीन पितळी पट्ट्या दिसतील. तिन्ही पट्ट्या समोरासमोरचे बोल्ट जोडत असतील तर डेल्टा, एकाच रांगेतले तीन बोल्ट एकमेकांना जोडले असतील तर स्टार. ड्राइव्हचं आउटपुट आणि पट्ट्यांची जोडणी जुळली पाहिजे. २३०/४०० लिहिलेली छोटी मोटर सिंगल फेज इनपुटच्या ड्राइव्हवर चालवायची असेल तर डेल्टा करावीच लागते, कारण तो ड्राइव्ह २३० च्या वर देऊच शकत नाही. स्टारमध्ये राहिली तर मोटर फिरते खरी पण जोर नसतो, आणि लोक ड्राइव्हला शिव्या घालत बसतात.

यातच एक मजेशीर युक्ती आहे. तीच २३०/४०० वाली मोटर डेल्टात ठेवून ४०० व्होल्टच्या ड्राइव्हवर लावली आणि बेस फ्रिक्वेन्सी ८७ हर्ट्झ टाकली तर २३० भागिले ५० आणि ४०० भागिले ८७, दोन्ही ४.६ च येतात, म्हणजे फ्लक्स तोच, टॉर्क तोच, पण स्पीड १.७३ पट, म्हणजे पॉवरपण १.७३ पट. वाइंडिंगचं इन्सुलेशन ४०० च्या स्टार जोडणीसाठी बनलेलंच असतं. पण बेअरिंग, पंखा आणि रोटरचा बॅलन्स त्या स्पीडला चालतो का हे मोटर बनवणाऱ्याला विचारून घ्या, आणि ड्राइव्ह डेल्टाच्या करंटएवढा मोठा घ्या.

ड्राइव्हच्या आत काय चाललंय

तीन फेज आत येतात, सहा डायोडचा ब्रिज त्यांचं डीसी करतो. बिनलोड असताना बस (ही आतली डीसी लाइन) ४१५ च्या शिखराला जाते, म्हणजे ५८७ व्होल्ट, लोड आला की सरासरी १.३५ पटीवर, म्हणजे ५६० च्या आसपास. सुरुवातीला रिकामे कपॅसिटर शॉर्टसारखे वागतात म्हणून एका रेझिस्टरमधून चार्ज करून मग रिले तो रेझिस्टर बायपास करतो. मेन चालू केल्यावर थोड्या वेळाने ‘टक’ असा आवाज येतो तो बहुतेक हाच. दर दोन मिनिटांनी मेन ऑन-ऑफ करत बसलात तर हा बिचारा रेझिस्टर जळतो. स्टार्ट-स्टॉप टर्मिनलवरून द्या, मेनच्या कॉन्टॅक्टरवरून नको.

पुढे सहा आयजीबीटी, एका सेकंदात काही हजार वेळा उघडमिट करून मोटरला हवं ते सरासरी व्होल्टेज बनवतात. साध्या साइन पीडब्ल्यूएमने (पल्सची रुंदी बदलून व्होल्टेज बनवायची पद्धत) बसच्या ०.६१२ पट लाइन व्होल्टेज मिळतं, ५८७ वर ते ३५९ होतं, मोटर उपाशी. स्पेस व्हेक्टर पद्धतीने ०.७०७ पट मिळतं, म्हणजे साडेपंधरा टक्के जास्त, बरोब्बर ४१५. म्हणून सगळे ड्राइव्ह तेच किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी वापरतात. स्वतः मायक्रोकंट्रोलरवर इन्व्हर्टर बनवत असाल तर तिसरं हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीची लाट) मिसळूनही हाच फायदा मिळतो, गणित सोपं आहे.

एकाच लेगचे (एका फेजच्या जोडीतले) वरचे-खालचे दोन आयजीबीटी एकदम चालू झाले तर बस शॉर्ट, म्हणून मध्ये डेड टाइम ठेवतात, समजा २ मायक्रोसेकंद. एवढासा वाटतो पण हिशोब करा: ५६० व्होल्ट, ८ किलोहर्ट्झ कॅरिअर (उघडमिटीची फ्रिक्वेन्सी), २ मायक्रोसेकंद, गुणाकार केला की फेजमागे ९ व्होल्टची चूक. ५० हर्ट्झला ९ व्होल्ट कोणाला कळतही नाही. पण २ हर्ट्झला मोटरला द्यायचं फेज व्होल्टेजच साडेनऊ असतं! म्हणजे मागितलेलं जवळपास सगळं डेड टाइमच खाऊन टाकतो. घरी बनवलेला इन्व्हर्टर कमी स्पीडला थरथरतो, गुरगुरतो, त्यामागे नव्वद टक्के वेळा हेच असतं. करंटची दिशा बघून त्या बाजूने ड्यूटी (आयजीबीटी चालू राहण्याचा भाग) थोडी वाढवायची, हा त्यावरचा इलाज, आणि विकतच्या ड्राइव्हमध्ये तो आधीच घातलेला असतो.

वायरिंग

आउटपुटवर पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर कधीही नको. जुन्या पॅनेलमध्ये मोटरच्या टर्मिनलला कपॅसिटर लटकवलेला असतो, स्टार्टर काढून ड्राइव्ह बसवताना तो तसाच राहतो आणि पहिल्याच स्टार्टला ओव्हरकरंट. तसंच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर असेल तर चालू करंटवर तो उघडू नका, आधी ड्राइव्हला स्टॉप द्या मग उघडा.

केबल लांब असेल तर प्रकरण वेगळं. आयजीबीटीचे पल्स इतक्या झटकन चढतात की लांब केबलच्या टोकाला लाट आपटून परत फिरते आणि मोटरच्या टर्मिनलवर बसच्या दुप्पटीपर्यंत व्होल्टेज जातं, म्हणजे अकराशेच्या वर. याचा मार वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर बसतो. पन्नासेक मीटरच्या पुढे केबल जात असेल तर आउटपुट चोक (कॉइल) किंवा डीव्ही बाय डीटी फिल्टर (पल्स चढायचा वेग कमी करणारा) टाका, शंभर-दोनशे मीटरवरच्या सबमर्सिबलला तर सरळ साइन फिल्टर. जुनी, पुन्हा भरलेली मोटर असेल तर अंतर कमी असलं तरी मी चोक टाकायलाच सांगेन.

केबल शील्डवाली घ्या आणि शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाईने धातूच्या ग्लँडमध्ये पकडा. शील्डची वेणी वळून एका स्क्रूखाली दाबणं ही पद्धत सगळीकडे दिसते, पण वरच्या फ्रिक्वेन्सीला ती वेणी जवळपास निरुपयोगी असते. याचा संबंध बेअरिंगशी आहे. इन्व्हर्टरच्या तिन्ही फेजची बेरीज कधीच शून्य नसते, त्या कॉमन मोड व्होल्टेजमुळे शाफ्टवर व्होल्टेज जमतं आणि ते बेअरिंगच्या ग्रीसची पापुद्र्यासारखी थर फोडून ठिणगीने उतरतं. काही महिन्यांनी बेअरिंग आवाज करायला लागतं, उघडून बघितलं तर बाहेरच्या रेसवर आडव्या, सारख्या अंतराच्या राखाडी रेघा, थेट धुणं धुवायच्या लाकडी पाटीवर असतात तशा. अशा रेघा दिसल्या की नुसतं बेअरिंग बदलून उपयोग नाही, मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग आणि पुढे शाफ्ट ग्राउंडिंग ब्रश बघा. मोठ्या मोटरना (शंभर किलोवॅटच्या आसपास आणि वर) हे सुरुवातीलाच करून घेतलेलं बरं.

आता पॅरामीटर: आधी व्ही बाय एफ

फ्लक्स म्हणजे ढोबळमानाने व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी. आपल्या मोटरचा आकडा ४१५ भागिले ५०, म्हणजे ८.३ व्होल्ट प्रति हर्ट्झ. २५ हर्ट्झला २०७ व्होल्ट दिलं की फ्लक्स तोच राहतो. जास्त दिलं तर लोखंड सॅच्युरेट होतं, बिनलोडचा करंट भसाभस वाढतो आणि मोटर रिकामी असून तापते. कमी दिलं तर टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो.

पहिल्यांदा प्लेटवरचे पाच आकडे टाका: व्होल्टेज, करंट, फ्रिक्वेन्सी, आरपीएम, किलोवॅट. आरपीएमच्या जागी १५०० टाकू नका, १४४० टाका, कारण त्या दोघांच्या फरकातूनच ड्राइव्हला स्लिप कळते. मग मोटर लोडपासून सोडवून १० हर्ट्झला फिरवा, दिशा बघा, मग हळूहळू ५० पर्यंत न्या आणि डिस्प्लेवर करंट बघत राहा. बिनलोड करंट साधारण ६ अँपिअर यायला हवा आणि १० ते ५० हर्ट्झ सगळीकडे जवळपास सारखाच. खाली कमी येत असेल तर बूस्ट (कमी फ्रिक्वेन्सीला दिलेलं जादा व्होल्टेज) कमी आहे, खाली जास्त येत असेल तर बूस्ट जास्त आहे. फ्लक्स तपासायचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

बूस्ट का लागतो, तर स्टेटरच्या तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स. समजा फेजला ०.७ ओहम, १४.५ अँपिअरला १० व्होल्ट तारेतच गेले. ५० हर्ट्झला २४० पैकी १० गेले तर काय बिघडत नाही, २ हर्ट्झला साडेनऊपैकी १० गेले तर उरलं काय? म्हणून खाली थोडं वरचढ व्होल्टेज द्यावं लागतं. पण भीतीपोटी बूस्ट १५ टक्के टाकून ठेवू नका, मोटर कमी स्पीडला रिकामी असतानाच भाजून निघते.

पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप असेल तर वर्गाचा कर्व्ह (व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढवणारा) निवडा, तिथे खाली टॉर्क लागतच नाही. पॉवर स्पीडच्या घनाने जाते, ८० टक्के स्पीडला ५१ टक्के, ५० टक्क्यांना साडेबारा टक्के, विजेची खरी बचत इथेच आहे (पंपाला उंची चढवायची असेल तर एवढी नाही). कन्व्हेअर, मिक्सर, कॉम्प्रेसर अशांना मात्र सरळ रेषेचाच कर्व्ह. आणि असा पूर्ण टॉर्कवाला लोड २०-२५ हर्ट्झच्या खाली तासन्‌तास चालणार असेल तर मोटरच्या शाफ्टवरचा पंखा पुरत नाही, वेगळ्या सप्लायचा पंखा मागे लावा आणि वाइंडिंगमधला थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) ड्राइव्हला जोडा.

५० च्या वर गेल्यावर व्होल्टेज ४१५ लाच अडकतं, फ्रिक्वेन्सी वाढत राहते, फ्लक्स घटत जातो. टॉर्क फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात कमी होतो, पॉवर सारखी राहते. पण मोटरचा कमाल टॉर्क वर्गाने पडतो, त्यामुळे ७५-८० हर्ट्झच्या पुढे अचानक ‘दम संपला’ असं होऊ शकतं.

वेक्टर कधी आणि कसं

व्ही बाय एफमध्ये आपण फ्लक्सचा अंदाज बांधतो, वेक्टरमध्ये हिशोब ठेवतो. स्टेटरच्या करंटचे दोन भाग करायचे, एक फ्लक्स बनवणारा, दुसरा टॉर्क बनवणारा, आणि दोघांना वेगवेगळं कंट्रोल करायचं. सीमेन्समधल्या फेलिक्स ब्लाश्के यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली तेव्हा गणित करायला झेपतील असे स्वस्त प्रोसेसर नव्हते, आज साध्या कंट्रोलरमध्ये ते बसतं.

आपल्या मोटरला फ्लक्सचा भाग ६ अँपिअर, एकूण १४.५, तर टॉर्कचा भाग पायथागोरसने १३.२. आता गाभ्याचं सूत्र: लागणारी स्लिप म्हणजे टॉर्क करंट भागिले फ्लक्स करंट, आणि त्याला रोटरच्या टाइम कॉन्स्टंटने (रोटरचा फ्लक्स किती हळू बदलतो त्याचा आकडा) भागायचं. १३.२ भागिले ६ म्हणजे २.२. २ हर्ट्झची स्लिप म्हणजे सेकंदाला १२.६ रेडियन. म्हणजे या रोटरचा टाइम कॉन्स्टंट सुमारे ०.१७५ सेकंद. बघा, प्लेटवरच्या आकड्यांतून आणि एका बिनलोड टेस्टमधून हे काढता आलं. स्वतः कोड लिहिणाऱ्यांनी सुरुवातीला एवढाच आकडा वापरून बघा, मोटर चालते.

अडचण अशी की रोटर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, १०० अंश वाढीला जवळपास ४० टक्के. मग स्लिपचा हिशोब चुकतो, फ्लक्स करंट आणि टॉर्क करंट एकमेकांत मिसळतात. सकाळी झकास चालणारं मशीन दुपारी टॉर्क कमी देतं किंवा जास्त करंट ओढतं, ते यामुळे. चांगले ड्राइव्ह चालता-चालता हा आकडा सुधारत राहतात.

म्हणून ऑटो ट्यूनिंग (ड्राइव्ह स्वतःच मोटरचे आकडे मोजतो ते) टाळू नका. फिरवून करायचं ट्यूनिंग लोड सोडवूनच करायचं, गिअरबॉक्स जोडलेला असताना केलं तर मॅग्नेटायझिंगचे आकडे चुकतात. लोड सोडवताच येत नसेल तर उभ्या मोटरचं ट्यूनिंग करा आणि बिनलोड करंट हाताने टाका. एन्कोडरशिवायचं (शाफ्टचा स्पीड मोजणाऱ्या सेन्सरशिवायचं) वेक्टर १ हर्ट्झच्या खाली भरवशाचं नसतं. होइस्ट, क्रेन, लिफ्ट, म्हणजे शून्य स्पीडला वजन धरून ठेवायचं असेल तिथे एन्कोडर हवाच, यात वाद नको. आणि उलट, एका ड्राइव्हवर तीन-चार मोटर असतील तर वेक्टर विसरा, व्ही बाय एफ आणि प्रत्येक मोटरला आपला ओव्हरलोड रिले.

थांबवताना मोटर जनरेटर होते

इथे बहुतेकांचं गाडं अडतं. स्टॉप दिला की ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी खाली आणतो, पण जड लोड जडत्वाने फिरतच असतो. ४५ हर्ट्झ म्हणजे सिंक्रोनस १३५०, रोटर अजून १४०० वर, झाली स्लिप उलटी. ऊर्जा रोटरकडून बसकडे वाहायला लागते. डायोड ब्रिज एकाच दिशेचा, मेनमध्ये परत जाता येत नाही, मग सगळं कपॅसिटरमध्ये.

कीपॅडवर डीसी बस व्होल्टेज लावा आणि स्टॉप द्या. ५६०, ५९०, ६४०, ७१०, आणि ८०० च्या आसपास ओव्हरव्होल्टेज ट्रिप. हिशोब केला की का ते कळतं. लोडचं जडत्व ०.५ किलोग्रॅम मीटर वर्ग धरा, १४४० आरपीएमला त्यात ५.७ किलोज्यूल साठलेले असतात. बसवर १००० मायक्रोफॅरॅड असतील तर ५६० पासून ७६० व्होल्टपर्यंत जाताना ते फक्त १३२ ज्यूल घेतात. चाळीस पटीपेक्षा जास्त फरक! मोटर आणि ड्राइव्हच्या नुकसानीत थोडी जिरते, पण बाकीचीला वाट काढून द्यावीच लागते.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे डिसेलरेशनचा वेळ वाढवणं. घाई नसेल तर तेच करा. ड्राइव्हमध्ये बस वाढली की आपोआप रॅम्प लांबवणारं फंक्शन असतं, पण करवत किंवा सुरक्षेसाठी ठराविक वेळात थांबायलाच हवं असं मशीन असेल तर त्यावर विसंबू नका. डीसी इंजेक्शनने पण थांबवता येतं, फक्त ती सगळी ऊर्जा रोटरमध्येच उष्णता होऊन बसते, वारंवार केलं तर रोटर लालबुंद.

नेहमीचा इलाज म्हणजे ब्रेकिंग रेझिस्टर. वरचा लोड ५ सेकंदात थांबवायचा तर सुरुवातीच्या क्षणाला सुमारे २.३ किलोवॅट येतात (मग सरळ रेषेत शून्यावर). चॉपर (रेझिस्टर बसला जोडणारा स्विच) ७६० व्होल्टला चालू होतो असं धरलं तर ७६० चा वर्ग भागिले २३००, म्हणजे रेझिस्टर २५० ओहमपेक्षा कमी हवा. दुसरीकडे ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये किमान ओहम दिलेले असतात, त्याच्या खाली गेलात तर चॉपरचा आयजीबीटी जातो. समजा किमान ५० आहे, तर १०० ओहम घ्या, निवांत. वॅट काढायचे ते सरासरीवरून: मिनिटाला एकदा थांबत असेल तर ५७०० भागिले ६०, म्हणजे ९५ वॅट, ३०० वॅटचा घ्या. वजन खाली सोडणाऱ्या होइस्टला मात्र हा सरासरीचा हिशोब चालत नाही, तिथे खाली येईपर्यंत सलग पॉवर येत राहते.

रेझिस्टरवर थर्मल स्विच लावा आणि तो ड्राइव्हच्या इनपुट कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जोडा, ड्राइव्हच्या स्टॉप टर्मिनलला नको. कारण चॉपरचा आयजीबीटी शॉर्ट झाला तर रेझिस्टर बसवर कायमचा लटकतो, ड्राइव्ह स्टॉप असला तरी डायोड ब्रिज त्याला खुराक पुरवत राहतो आणि मेन तोडल्याशिवाय काही थांबत नाही. आग लागते ती इथे.

रोजच जास्त ऊर्जा परत येत असेल तर ती जाळण्यापेक्षा दोन चांगले मार्ग आहेत. जवळजवळ चार ड्राइव्ह असतील तर त्यांच्या बस एकत्र जोडा, फ्यूज टाकून, एक ब्रेक मारतो तेव्हा दुसरा ती ऊर्जा वापरतो. किंवा डायोडच्या जागी आयजीबीटीचा ब्रिज, म्हणजे ॲक्टिव्ह फ्रंट एंड. तो बस शिखराच्या वर धरून ठेवतो, साधारण ६५० ला, दोन्ही दिशांना पॉवर जाऊ देतो आणि मेनमधून जवळजवळ शुद्ध साइन करंट घेतो, डायोड ब्रिजची पाचव्या आणि सातव्या हार्मोनिकची कटकटच जाते.

थेट ग्रिडवर जनरेटर

पाणी, वारा किंवा इंजिन मशीनला १५०० च्या वर ढकलत असेल तर ग्रिडला जोडलेलं इंडक्शन मशीन आपोआप पॉवर द्यायला लागतं, सिंक्रोनाइझिंगची झंझट नाही. फक्त फ्लक्ससाठी लागणारा रिॲक्टिव्ह करंट ते ग्रिडकडूनच घेतं. तो भरून काढायला कपॅसिटर लावाल, पण बिनलोडच्या गरजेपेक्षा थोडे कमीच लावा. पूर्ण भरून काढला आणि ग्रिड गेली तर मशीन स्वतःच्याच कपॅसिटरवर तग धरतं, स्पीड वाढतो, व्होल्टेज बेफाम चढतं आणि ज्या लाइनवर कोणी काम करतंय ती लाइन जिवंत राहते. ओव्हर-अंडर व्होल्टेज, ओव्हर-अंडर फ्रिक्वेन्सी रिले आणि ग्रिडवाल्याची परवानगी, याशिवाय हे करूच नका.

स्पीड बदलता ठेवायचा असेल, जसा वाऱ्याला लागतो, तर एक मार्ग म्हणजे मशीन आणि ग्रिडच्या मध्ये पाठीला पाठ लावलेले दोन इन्व्हर्टर. मशीनकडचा फ्लक्स आणि स्लिप सांभाळतो, ग्रिडकडचा बस सांभाळतो. पूर्ण पॉवर त्यातून जाते म्हणून तो पूर्ण क्षमतेचा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे स्लिप रिंगवाला रोटर, स्टेटर थेट ग्रिडवर आणि कन्व्हर्टर फक्त रोटरला. रोटरमधून स्लिपएवढीच पॉवर जाते, स्पीड २५ टक्के वर असेल तर स्टेटरच्या २५ टक्के, त्यामुळे कन्व्हर्टर तीस टक्के क्षमतेचा पुरतो. स्पीड सिंक्रोनसच्या खाली गेला तर तोच कन्व्हर्टर उलट रोटरला पॉवर देतो. पवनचक्क्यांत हे खूप चाललं. त्याची कमजोरी म्हणजे ग्रिडवर शॉर्ट झाला की रोटरमध्ये प्रचंड करंट उसळतो, म्हणून रोटर काही क्षण रेझिस्टरवर टाकणारा क्रोबार सोबत ठेवावाच लागतो.

ग्रिड नसताना

एकट्या मशीनला फ्लक्स कोण देणार? कपॅसिटर. आपल्या मोटरचे बिनलोड ६ अँपिअर म्हणजे ४.३ किलोव्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचं माप). डेल्टात जोडायचे तर फेजला ४.३ हजार भागिले (३ गुणिले ३१४ गुणिले ४१५ चा वर्ग), म्हणजे २७ मायक्रोफॅरॅड. फुल लोडला गरज ५.८ किलोव्हारला जाते, तेव्हा ३६. स्टारमध्ये जोडले तर तिप्पट लागतात, म्हणून डेल्टाच. एसी रेटिंगचेच घ्या, ५२५ व्होल्टचे असले तर उत्तम, स्पीड वाढला की व्होल्टेज आधी कपॅसिटरलाच मारतं.

लोड सगळा तोडून ठेवा आणि फिरवायला लागा. मीटरवर आधी रोटरच्या उरलेल्या चुंबकत्वाचे काही व्होल्ट दिसतील, कपॅसिटर जोडलेले असतील तर स्पीड एका टप्प्याला पोचला की व्होल्टेज एकदम उसळी मारून वर जातं आणि लोखंडाच्या सॅच्युरेशनला टेकून स्थिर होतं. मग लोड हळूहळू टाका. मोटर असे लोड सुरुवातीला टाळा, त्यांच्या सुरुवातीच्या करंटने व्होल्टेज कोसळतं. एक चांगली गोष्ट, आउटपुट शॉर्ट झालं तर एक्सायटेशनच (फ्लक्स टिकवणारा करंट) मरतं आणि मशीन जळत नाही.

आता पाण्याची चक्की ठराविक पॉवर देतेय आणि लोड मात्र सारखा बदलतोय, तर गव्हर्नरऐवजी इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर लावतात. एकूण लोड सारखा ठेवायचा, वापर कमी झाला तेवढं हीटरमध्ये टाकायचं. थायरिस्टरच्या (लाटेच्या मधूनच चालू करता येणारा स्विच) फेज अँगलने पण होतं, पण तो मागे पडलेला करंट ओढतो आणि आपले मोजून लावलेले कपॅसिटर कमी पडायला लागतात, म्हणून मी डायोड ब्रिज आणि त्यामागे आयजीबीटी चॉपरच सुचवेन. ५६० व्होल्ट डीसीवर ६ किलोवॅट जिरवायचे तर ५२ ओहम. अर्धी ड्यूटी म्हणजे ३ किलोवॅट, सरळ प्रमाण. कंट्रोलला फक्त व्होल्टेज मोजायचं, ठरवलेल्यापेक्षा वर गेलं की ड्यूटी वाढवा, खाली आलं की कमी करा, पीआय (चूक आणि साठत गेलेली चूक बघून सुधारणारा कंट्रोलर) पुरतो. कपॅसिटर ठरलेले असल्यामुळे व्होल्टेज सांभाळलं की फ्रिक्वेन्सी बऱ्यापैकी जागेवर राहते.

हीटर जळाला किंवा त्याची वायर सुटली तर टर्बाइन दीडपट-पावणेदोनपट स्पीडला पळतो. त्यासाठी ओव्हरव्होल्टेज रिले हवाच, आणि तो कपॅसिटर तोडणारा असू दे. नुसता लोड तोडलात तर व्होल्टेज आणखीच वाढेल, कपॅसिटर तोडले की फ्लक्स जातो आणि मशीन मुकाट्याने रिकामं फिरतं. चालू करून देताना एकदा मुद्दाम सगळा वापराचा लोड झटक्यात तोडून बघा, हीटर लगेच उचलतात का, व्होल्टेज कुठपर्यंत उसळतं. मग हीटरची पण वायर काढून रिले खरंच पडतो का तेही बघा, पाण्याचा व्हॉल्व्ह हातात धरूनच.

कपॅसिटरऐवजी इन्व्हर्टरनेही एक्सायटेशन देता येतं. बसवर डायोडमधून एक छोटी बॅटरी, त्यावर इन्व्हर्टर मशीनला थोडा फ्लक्स देतो, फ्रिक्वेन्सी रोटरच्या स्पीडपेक्षा जराशी खाली ठेवतो, स्लिप उलटी, बस स्वतःच चढायला लागते आणि बॅटरीचा डायोड बंद पडतो. नंतर बस कमी झाली तर उलटी स्लिप वाढवायची, जास्त झाली तर कमी करायची, म्हणजे ब्रेकिंगमध्ये जे नको होतं तेच इथे मुद्दाम, मोजून करायचं. स्लिपला दोन-अडीच हर्ट्झची मर्यादा घाला, नाहीतर कमाल टॉर्कच्या पलीकडे गेलं की मशीन सुटतं.

आणि बरेच दिवस पडून राहिलेलं मशीन फिरतंय पण मीटर हलतच नाही असं झालं, तर चुंबकत्व गेलंय. मशीन थांबवा, कपॅसिटर आणि लोड सोडवा, १२ व्होल्टची बॅटरी कुठल्याही दोन टर्मिनलवर एक-दोन सेकंद लावून काढा, कपॅसिटर परत जोडा आणि फिरवा.